जाऊबाई हरवल्या तो उन्हाळा

यमुताईंचा चेहरा देवानं थापा मारण्यासाठीच घडवला असावा. गोल, शांत, कपाळावर बारीकसं कुंकू. पाहणाऱ्याला वाटावं, या बाईनं उभ्या आयुष्यात दुधावरची सायसुद्धा कधी चोरून खाल्ली नसेल. या चेहऱ्याच्या जोरावर त्यांनी संसारात काय काय पचवलं, त्याचा पत्ता त्यांचे यजमान शरच्चंद्र यांना सत्तरीपर्यंत लागला नव्हता.

शरच्चंद्र सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. वक्तशीर म्हणून त्यांची ख्याती. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळालं, साहेबांनी भाषणात सांगितलं, "यांच्या येण्यावर आम्ही घड्याळ लावायचो." पहिल्या रांगेत बसून यमुताईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. कारण घरातलं भिंतीवरचं घड्याळ इतकी वर्षं दहा मिनिटं पुढे कोण ठेवत होतं, ते त्यांनाच ठाऊक होतं.

नागपूरच्या हुडकेश्वर रोडच्या मागे, प्लॉट पाडून वसवलेल्या एका लेआउटमध्ये या दोघांचं छोटं घर. शेजारी कुसुमताई. त्या मूळच्या कुहीकडच्या, शेतकरी घरातल्या. नवरा गेलेला, मुलगा अंकित बुटीबोरीला कंपनीजवळच खोली घेऊन राहायचा. कुसुमताईंच्या सोबतीला मागच्या अंगणात एक खुराडा होता आणि त्यात त्यांचं गणगोत. कोंबड्यांना त्यांनी नात्याची नावं दिली होती. लालसर होती ती नणंद, लठ्ठ होती ती मामी. काळीभोर, तुसडी, जवळ जाईल त्याला टोचणारी ती जाऊबाई. आणि दिवसभर तुरा मिरवत हिंडणारा, काम काडीचं न करता सगळ्यांच्या आधी दाणे खाणारा कोंबडा, तो जावईबापू.

शरच्चंद्रांचं जावईबापूंशी वाकडं होतं. तो पहाटे चारला आरवायचा. एकदा ते तणतणत कंपाउंडच्या भिंतीशी गेले. "कुसुमताई, तुमच्या कोंबड्याला वेळेचं काही भान आहे की नाही?"

"नाही ना काकाजी," कुसुमताई म्हणाल्या. "त्याले तुमच्यासारकी नोकरी कुठी होती!"

तेव्हापासून शरच्चंद्रांनी घरात जाहीर करून टाकलं होतं, की आपल्या घराचा आणि कोंबड्यांचा काहीएक संबंध नाही. अंडं तर त्या घरात पिढ्यान् पिढ्या आलं नव्हतं.

अशात मे महिना लागला. कुसुमताईंची मुलगी उन्नती कुहीला शाळेत शिक्षिका. तिचे दिवस भरत आलेले, आणि एवढ्या उन्हात प्रवास करू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. लेकीला माहेरी आणता येईना, म्हणून माहेरच उठून लेकीकडे निघालं. बॅग भरून कुसुमताई भिंतीशी आल्या आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच यमुताई म्हणाल्या, "जा तुम्ही. मी बघते कोंबड्यांकडे."

"अवं पण काकाजी?"

"त्यांना मी सांगते, तुमच्या झाडांना पाणी घालते म्हणून."

कुसुमताईंच्या अंगणात झाडं म्हणजे एक कढीपत्ता आणि कुंडीतला मरायला टेकलेला मोगरा. पण कुसुमताईंनी हसून किल्ली दिली आणि सगळं समजावून सांगितलं. "खुराड्यावरचा बारदाना वाळू नका देजा. पाण्याचं गाडगं सावलीत ठेवजा, दिवसातून चारदा बदलजा. चोच उघडी टाकून, पंख पसरून उभ्या राह्यल्या, का समजजा, उन लागून राह्यलं. अन् जाऊबाईपासून जरा दुरूनच."

पहिल्या दिवशी यमुताईंनी जन्मात प्रथमच कोंबडीला इतक्या जवळून पाहिलं. भीती वाटली. दाणे त्यांनी भिंतीला पाठ टेकवून, हात लांब करून फेकले, तर निम्मे स्वतःच्याच पदरात पडले आणि मामीनं पदरावरच चढाई केली, तशा यमुताई किंचाळल्या. दुसऱ्या दिवशी ओरडणं बंद झालं. चार-पाच दिवसांत त्या खुराड्यात हात घालून अंडी काढायला लागल्या. पहिलं अंडं हातात घेतलं तेव्हा ते कोमट होतं. त्या दचकल्याच. मग पदरात धरून थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. अंडी कामवाल्या इंदूबाईंनी घरी न्यायची, असं ठरलेलं होतं.

पारा पंचेचाळीसच्या वर गेला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. कोंबड्या पंख पसरून धापा टाकायला लागल्या, तशा यमुताईही पेटल्या. फ्रिजमधल्या टरबुजाच्या गार फोडी खुराड्यात जाऊ लागल्या. गाडग्यात ओआरएसचं पाणी पडू लागलं. शरच्चंद्रांची जुनी धोतरं भिजवून खुराड्याच्या जाळीवर वाळत, म्हणजे न वाळत, लटकली.

"दोन झाडांना चार चार वेळा पाणी?" शरच्चंद्रांनी एकदा विचारलं.

"ऊन केवढं आहे बाहेर," यमुताई म्हणाल्या. "जीव आहे हो तोही."

यात खोटं काहीच नव्हतं.

आणि एका सकाळी जाऊबाई दिसेनात.

यमुताईंनी खुराडा पाहिला, न्हाणीमागे पाहिलं, मोगऱ्याची कुंडी हलवली, कढीपत्त्यावरसुद्धा मान वर करून पाहिलं. कुठेच नाही. परवाच लेआउटच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांना मुंगूस दिसलं होतं. ज्या बाईनं विश्वासानं किल्ली दिली, तिची जाऊबाई आपण मुंगसाच्या घशात घातली! त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. शरच्चंद्रांनी विचारलं, तर म्हणाल्या, "उन्हानं भूक मेली."

संध्याकाळी कुसुमताईंचा फोन आला. "जाऊबाई कशी हाय?"

"छान आहेत," यमुताई म्हणाल्या.

शरच्चंद्रांनी पेपरमागून विचारलं, "कोणाच्या जाऊबाई?"

"कुसुमताईंच्या. आजारी होत्या जरा. आता बऱ्या आहेत."

शरच्चंद्रांनी पेपर किंचित वर केला आणि पुढे काही विचारलं नाही. एरवी त्यांनी आजाराचं नाव, डॉक्टर, औषध, सगळं विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी यमुताईंनी इंदूबाईंना विश्वासात घेतलं. इंदूबाईंनी भांडी घासता घासता तोड काढली. "त्यात काय बाई! दुसरी काळी आणून ठेवू. बुधवारी बाजारात गावाकडच्या बाया गावरानी घेऊन बसतात. कोंबडी ते कोंबडी. कोण पाह्यते?"

आणि अशा रीतीनं, कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य करणाऱ्या घरातल्या यमुताई कोंबडी विकत घ्यायला बुधवारी बाजारात गेल्या. ऊन चढायच्या आत, डोक्याला ओढणी बांधून, मोबाइलमध्ये जाऊबाईंचा फोटो घेऊन. टोपलीतली एकेक काळी कोंबडी त्या हातात धरायला लावत आणि फोटोशी ताडून पाहत. हिचा तुरा मोठा, तिचे पाय पिवळे, हिच्या नजरेत तो तुसडेपणा नाही.

विकणारी बाई कंटाळली. "कोंबडी घेऊन राह्यल्या का पोराले सोयरीक पाहून राह्यल्या?"

शेवटी एक पसंत पडली. सगळी काळी, फक्त शेपटीत दोन पिसं पांढरी. बाईनं विचारलं, "कापून देऊ, का घरी कापान?"

यमुताई दोन पावलं मागे सरकल्या. "नाही, नाही! अशीच हवी. चालती-बोलती."

इंदूबाईंनी तोंडात पदर कोंबला आणि त्या मागे वळून टमाटे बघू लागल्या.

परतीच्या ई-रिक्षात भजनी मंडळातल्या एक बाई भेटल्या. यमुताईंच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर डोकावतेय. बाईंनी विचारलं, "एवढ्या लांब भाजीला?"

"इथली मेथी ताजी असते."

पिशवीतून आवाज आला, "कोक."

यमुताई खोकल्या. बाई म्हणाल्या, "घसा बसला वाटतं?"

"धूळ हो," यमुताई म्हणाल्या. पिशवी पुन्हा म्हणाली, "कोक कोक." यमुताई पुन्हा खोकल्या. लेआउटच्या नाक्यापर्यंत पिशवी आणि त्या आळीपाळीनं बोलत राहिल्या. उतरताना त्या बाईंनी ज्येष्ठमध चघळायला सांगितलं.

नवी कोंबडी खुराड्यात गेली. नणंदेनं आणि मामीनं तिला दिवसभर छळलं, जावईबापूंनी मात्र स्वागत केलं. संध्याकाळी कुसुमताईंनी नेमका व्हिडिओ कॉल लावला. "दाखवा बरं माही मंडळी."

यमुताईंनी फोन दुरून, भराभर फिरवला.

"थांबा, थांबा. जाऊबाईच्या शेपटीले पांढरं काय हाय वं?"

"ते होय?" यमुताई शांतपणे म्हणाल्या. "उन्हानं रंग उडाला."

मग कुसुमताई म्हणाल्या, "यमुताई, कोंबडी हाय का सुती लुगडं?"

"यंदाचं ऊनच तसं आहे," यमुताई म्हणाल्या आणि नेटवर्क गेल्याचा बहाणा करून फोन बंद केला. त्यानंतर कुसुमताई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायला लागल्या आणि रोज म्हणायला लागल्या, "जाऊबाईले जरा जवळून दाखवा."

या सगळ्यात घरात एक नवल घडत होतं. शरच्चंद्र कधी नव्हे इतके गोड वागत होते. यमुताई दुपारी अर्धा तास गायब झाल्या तरी चौकशी नाही. चहाला उशीर झाला तर "असू दे" म्हणायचे. यमुताईंनाही अपराधी वाटत असल्यानं त्याही गोड वागत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही त्या घरात एवढी गोडी नांदली नव्हती.

पण यमुताईंची नजर तयार होती. फ्रिजमधला बर्फ वारंवार संपत होता. त्यांची स्टीलची एक वाटी नाहीशी झाली होती. आणि जिन्याखाली जो जुना लोखंडी कूलर कितीतरी वर्षं धूळ खात पडला होता, जो भंगारवाल्याला द्या म्हणून त्या दर दिवाळीला कटकट करायच्या, त्याच्यावर शरच्चंद्रांनी एक चादर टाकून ठेवली होती.

"चादर कशाला?"

"धूळ बसते."

"त्याच्यावर धूळच आहे, कूलर कुठे आहे?"

"तू नको जाऊस तिकडे. पाल आहे."

यमुताईंनी ताडलं. शरच्चंद्रांना साखर वर्ज्य होती आणि संत्रा बर्फी जीव की प्राण. बर्फावर ठेवलेली बर्फी, वाटी, चादर, सगळं जुळलं. एरवी त्यांनी त्याच क्षणी चादर ओढली असती. पण आपल्याच पदराखाली कोंबडी असताना दुसऱ्याची चादर कशी ओढायची? शिवाय त्यांना गंमत सुचली. शरच्चंद्र दुपारी जिन्याकडे निघाले, की त्या नेमक्या जिन्याच्या पायरीवर तांदूळ निवडत बसायला लागल्या. शरच्चंद्र येत, घुटमळत, घसा खाकरत, परत जात. पुन्हा येत.

"काही हवंय का?"

"नाही. तुला ऊन लागेल इथे."

"मला बरं वाटतं इथे," म्हणत त्या निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेत. बर्फी विरघळत असेल, या विचारानं त्यांना आतून फार बरं वाटे. असं दोन-तीन दुपारी चाललं. तिसऱ्या दुपारी मात्र शरच्चंद्र इतके कासावीस दिसले, की त्यांनाच दया आली आणि त्या आपणहून उठून गेल्या.

मग नवतपा लागला. त्या नऊ दिवसांत नागपूरचं आभाळ म्हणजे उपडा ठेवलेला तवा. घरोघरी कूलर अखंड घरघरत होते, दुसरा आवाज म्हणून ऐकू येत नव्हता. अशाच एका दुपारी लेआउटचा ट्रान्सफॉर्मर फट्कन उडाला. सगळे कूलर एकदम थांबले आणि शांतता पसरली.

त्या शांततेत जिन्याखालून आवाज आला. चिव चिव. चिव चिव चिव.

यमुताईंनी शरच्चंद्रांकडे पाहिलं. शरच्चंद्रांनी छताकडे पाहिलं. आणि अचानक त्यांनी खड्या आवाजात स्तोत्र म्हणायला सुरुवात केली.

"दुपारी तीन वाजता?" यमुताईंनी विचारलं.

"लाइट येईपर्यंत," ते म्हणाले आणि पट्टी आणखी चढवली.

यमुताई उठल्या आणि जिन्याखाली जाऊन त्यांनी चादर ओढली. कूलरच्या आत, जुन्या वाळ्याच्या गवतात, जाऊबाई फुगून बसल्या होत्या. पंखांखालून पिवळी, काळी, करडी डोकी डोकावत होती. समोर यमुताईंची स्टीलची वाटी, तिच्यात बर्फाचं पाणी. बाजूला तांदळाची कणी. कूलरला ओल्या टॉवेलचा पडदा. आणि आतल्या खिळ्याला घरातलं ताप मोजायचं थर्मामीटर दोऱ्यानं टांगलेलं.

जाऊबाईंनी यमुताईंना ओळखलं आणि हाताला कचकन टोचलं.

शरच्चंद्र मागे येऊन उभे राहिले. "बेवारस आहे," ते म्हणाले. "कुठून आली कोण जाणे. मी हाकलायला गेलो तर ही अंड्यांवर बसलेली. मला टोचलं तिनं. यमू, तीस वर्षं कचेरीत माझ्यासमोर कोणी मान वर केली नव्हती. आणि ही एवढीशी, जागची हलेना. बाहेर आग पडतेय, पाणी नाही, दाणा नाही, तरी हलेना. मग मी म्हटलं, पाणी तरी ठेवावं. परवा तू त्या पायरीवर बसलीस ना, तेव्हा मला वाटलं, संपलं आता सगळं. अंडी फुटायची वेळ आणि आत पाणी नाही."

यमुताईंना हसावं की रडावं ते कळेना. मुंगसानं खाल्ली म्हणून आपण जिच्यासाठी दोन घास कमी खाल्ले, जिच्या जागी दुसरी आणायला भर मे महिन्यात बाजार पालथा घातला, ती इथे बर्फाचं पाणी पीत बसली होती! पण शरच्चंद्रांना आणखी थोडं छळून घेतल्याशिवाय त्यांच्याच्यानं राहवेना.

"बेवारस आहे ना? मग कुसुमताईंच्या खुराड्यात टाकून देऊ."

"नको! म्हणजे, पिल्लं लहान आहेत. तिथला तो कोंबडा कसा आहे, माहीत आहे ना? बेशिस्त."

"आपल्या घराचा आणि कोंबड्यांचा काही संबंध नाही म्हणालात ना?"

एक करडं पिल्लू आईच्या पंखाखालून निसटून शरच्चंद्रांच्या चपलेवर येऊन बसलं होतं. पाय न हलवता ते तसेच उभे होते, जणू राष्ट्रगीत चालू आहे.

तेव्हा मात्र यमुताई तिथेच जमिनीवर बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. कढीपत्ता, ओआरएस, मुंगूस, बुधवारी बाजार, खोकणारी पिशवी. शरच्चंद्र ऐकत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "माझी धोतरं तिथे आहेत?"

लाइट रात्री उशिरा आली. तोवर दोघं जिन्याशी बसून पुठ्ठ्यानं पिल्लांना वारा घालत होती.

पुढच्या आठवड्यात कुसुमताई परतल्या. उन्नतीला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. पेढ्यांचा डबा घेऊन त्या थेट मागच्या अंगणात आल्या. खुराड्यात जाऊबाई परत नेऊन ठेवल्या होत्या, शेजारी पांढऱ्या शेपटीची नवी, आणि अंगणभर पिल्लं. यमुताई तोच साळसूद चेहरा घेऊन उभ्या होत्या.

"माह्या चार कोंबड्या होत्या, जावईबापू धरून," कुसुमताई म्हणाल्या. "हे एवढं काय?"

"उन्हानं वाढल्या," यमुताई म्हणाल्या.

कुसुमताई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग एवढ्या मोठ्यानं हसल्या, की जावईबापू घाबरून खुराड्यावर चढले. "अवं, मले पहिल्याच दिवशी माहीत होतं! तुमी बाजारातून आल्या अन् तासाभरात इंदूबाईचा फोन. रोज संध्याकाळी आमी दोघी मायलेकी मोबाइल समोर घेऊन बसाचो. उन्नती म्हणे, आई, लाव ना वं, आज काकू काय सांगते पाहू. हासू हासू तिच्या पोटात दुखे. डॉक्टर बोलले तिले, इतकं हासू नको म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा यमुताईंचा चेहरा त्यांना दगा देऊन गेला. त्या कानापर्यंत लाल झाल्या. भांडी घासायला आलेल्या इंदूबाई आल्या पावली मागे फिरल्या.

वाटणी भिंतीवरच ठरली. जाऊबाई कुसुमताईंच्या, यात वादच नव्हता. पण पांढऱ्या शेपटीची कोंबडी यमुताईंनी पारखून आणलेली होती, तिच्यावर त्यांनी हक्क सांगितला. आणि इतका वेळ दाराआड उभं राहून ऐकणाऱ्या शरच्चंद्रांनी पुढे येऊन घसा साफ केला आणि त्या करड्या पिल्लाबद्दल विनंती केली. "बाकीच्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही."

"घेऊन जा ना काकाजी," कुसुमताई म्हणाल्या. "पण कोंबडा निंघाला तं?"

"शिस्त लावता येते," शरच्चंद्र म्हणाले.

आता त्या घराच्या मागेही एक खुराडा आहे, कूलरच्याच पत्र्याचा. शरच्चंद्रांनी त्याला झरोके किती ठेवावेत यावर वेल्डरशी दोन दिवस वाद घातला. अंडी आजही त्या घरात शिजत नाहीत. इंदूबाई घेऊन जातात, म्हणजे चुगलीची शिक्षा काही त्यांना झालेली नाही.

परवा भजनी मंडळातल्या त्याच बाई आल्या होत्या. अंगणात कोंबडी पाहून त्यांनी डोळे मोठे केले. "तुम्ही तर खात नाही. मग पाळता कशाला?"

यमुताईंनी ताटलीतली कणी अंगणात टाकली. "खाण्यासाठीच पाळायचं असतं," त्या म्हणाल्या, "तर यांना कशाला पाळलं असतं इतकी वर्षं?"

खुर्चीत बसलेल्या शरच्चंद्रांनी पेपरचं पान उलटलं. त्यांच्या मांडीवर झोपलेलं करडं पिल्लू, आता चांगलं मोठं झालेलं, जागं होणार नाही इतक्या हळू.